रानात तग धरायला शिकताना: आधी काय, मग काय

तुम्ही लिहिता की गेले वर्षभर चित्रफिती पाहून लाकडावर लाकूड घासून विस्तव कसा पाडतात, फांद्यांचा निवारा कसा रचतात आणि फास कसा लावतात हे तुम्हांला तोंडपाठ झाले आहे, पण यांतले काहीही अजून स्वतःच्या हाताने केलेले नाही. आता हे रीतसर शिकायचे आहे, तर त्यासाठी निवासी अभ्यासक्रमाला जावे की आपले आपण सुरू करावे, कोणते कौशल्य आधी हाती घ्यावे, ११ वर्षांच्या मुलीला बरोबर आणता येईल का आणि तिच्या हातात चाकू द्यावा का, असे तुमचे प्रश्न आहेत. गेली २२ वर्षे मी लहानमोठ्या गटांना रानात नेऊन हेच शिकवतो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. त्याचे सार आधीच सांगून टाकतो: ही कौशल्ये पडद्यावर ज्या क्रमाने दिसतात, जवळजवळ त्याच्या उलट्या क्रमाने ती शिकावी लागतात, आणि एकाच ओळखीच्या जागी वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय ती अंगात मुरत नाहीत.

पडद्यावर विस्तव, शिकार आणि झोपडी यांना मान मिळतो, कारण ती पाहायला छान असतात. प्रत्यक्षात माणसे अडचणीत येतात ती फार साध्या कारणांनी: निघायला उशीर झाला, वाट चुकली, अंग भिजले, घोटा मुरगळला, अंधार पडला आणि बॅटरी सॅकच्या तळाशी राहिली. या विद्येत तीनाचा एक ठोकताळा सांगतात, तो ठोकताळा म्हणूनच लक्षात ठेवावा: हवेवाचून ३ मिनिटे, कडक थंडीवाऱ्यात निवाऱ्यावाचून ३ तास, पाण्यावाचून ३ दिवस आणि अन्नावाचून ३ आठवडे. आकडे माणसागणिक आणि हवामानागणिक बदलतात, पण क्रम बदलत नाही. ज्या शिकारीवर आणि रानभाज्यांवर नवशिक्याचे सगळे लक्ष असते, त्या या क्रमात अगदी शेवटी येतात. बहुतेक हरवलेली माणसे त्यांची गरज लागण्याच्या कितीतरी आधी सापडलेली असतात.

म्हणून पहिले कौशल्य हरवू नये कसे हे आहे, आणि त्याची सुरुवात घरातच होते. कोठे जाणार, कोणत्या वाटेने, बरोबर कोण, परत कधी आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, एवढे कागदावर लिहून एका जबाबदार माणसाच्या हाती देणे हे काम पाच मिनिटांचे आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते कधी केलेले असते.

वाट चुकण्याविषयी एक प्रसंग सांगतो. एका शिबिरात तिशीतला, धडधाकट, नकाशा बरा वाचणारा एक शिबिरार्थी रात्री दीडच्या सुमारास लघवीला उठला. तंबूपासून दहा-बारा पावलांवर जायचे म्हणून त्याने बॅटरी घेतली नाही आणि बूटही नीट बांधले नाहीत. थोडे धुके होते. परतताना त्याला तंबू दिसेना, म्हणून तो आणखी चार पावले गेला, मग बाजूला वळला, मग त्याला वाटले की आपण उतारावर आलो आहोत, म्हणून तो चढू लागला. हाक मारायची त्याला लाज वाटली, झोपलेल्यांना कशाला उठवायचे म्हणून. पहाटे पाचला मी उठलो तेव्हा त्याचा तंबू उघडा होता आणि तो तंबूपासून साधारण ४०० पावलांवर एका खडकाला टेकून कुडकुडत बसलेला सापडला. त्याला काही इजा नव्हती. तीन-साडेतीन तास तो हाकेच्या अंतरावर हरवलेला होता. तेव्हापासून माझ्या शिबिरांत पहिल्या संध्याकाळचा पहिला पाठ हाच असतो: तंबूबाहेर पडताना बॅटरी हातात, शिट्टी गळ्यात, आणि शंका आली की त्या क्षणी जागीच थांबून शिट्टी वाजवायची.

आपल्याकडे ज्याला चकवा लागला असे म्हणतात, त्याची तपासणी जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी केली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसांना दाट जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितले, तेव्हा सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत ती बऱ्यापैकी सरळ गेली आणि तो दिसेनासा होताच, आपण सरळच चाललो आहोत अशा खात्रीने वर्तुळात फिरू लागली. डोळे बांधल्यावर तर कधी कधी जेमतेम २० मीटर व्यासाची वर्तुळे झाली. त्यातली खात्री हीच खरी घातक गोष्ट आहे, कारण ज्याला शंका येते तो थांबतो, पण ज्याला खात्री असते तो अंधार पडेपर्यंत चालत राहतो.

त्यामुळे नकाशा आणि होकायंत्र हा पहिल्या सहा महिन्यांचा विषय समजा. फोनमधला नकाशा जरूर वापरा, पण थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, पडदा फुटतो आणि ओल्या बोटांना तो दाद देत नाही, एवढे धरून चाला. सुरुवात ओळखीच्या परिसराच्या कागदी नकाशापासून करा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, पाहून समोरची सोंड कोणती, घळ कोणती, खिंड कोठे येणार हे आधी बोलून दाखवायचे आणि मग तेथे जाऊन ताडून पाहायचे, हा खेळ महिनाभर खेळलात तर रेषा तुम्हांला उंचसखल दिसू लागतील. दुसरा सराव पावले मोजण्याचा आहे. सपाटीवर १०० मीटर मोजून घ्या आणि डावा पाय किती वेळा टेकतो ते मोजा. बहुतेक प्रौढांचा आकडा साठच्या आसपास येतो. चढावर, काट्याकुट्यात आणि पाठीवर ओझे असताना तो कसा वाढतो हेही लिहून ठेवा. वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये घालून दिलेला नियम आजही उपयोगी पडतो: ताशी सुमारे ५ किलोमीटर, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. नवशिक्यांच्या गटासाठी मी तो वेळ दीडपट धरतो, तरीही गट उशिरा पोहोचतो.

होकायंत्राबद्दल माझी स्वतःची फजिती सांगायला हरकत नाही. शिकवायला लागून चार वर्षे झाली होती, धुक्यात पठार ओलांडायचे होते, आणि मी दिशेचा अंश अगदी अचूक लावून सुईची लाल बाजू मात्र उलट्या टोकाशी जुळवली. सुई बरोबर, अंश बरोबर आणि आम्ही नेमके पाठमोरे. वीस मिनिटांनी गटातली एक मुलगी म्हणाली, ‘सर, वारा सकाळपासून डाव्या गालावर लागत होता, आता उजव्या गालावर लागतोय.’ तिने होकायंत्र आयुष्यात प्रथमच पाहिले होते, पण वाऱ्याकडे तिचे लक्ष होते. यंत्राने दाखवलेली दिशा सूर्य, वारा, उतार किंवा पाण्याचा आवाज यांपैकी निदान एकाशी पडताळल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही, हा नियम मी त्या दिवसापासून पाळतो. नकाशावरची उत्तर दिशा आणि होकायंत्राची सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर दिशा यांतला फरकही तुमच्या प्रदेशापुरता पाहून ठेवा. काही प्रदेशांत तो नगण्य असतो, तर काही ठिकाणी पंधरा-वीस अंशांपर्यंत जातो. झाडांच्या खोडावरचे शेवाळ उत्तर दाखवते हे मात्र विसरून जा, कारण शेवाळ ओल आणि सावली असेल तेथे सगळ्या बाजूंनी वाढते.

दुसरा विषय थंडी आणि ओल. हा बहुतेकांना क्षुल्लक वाटतो आणि म्हणूनच त्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला वैद्यकीय भाषेत हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. हवेचे तापमान १० अंश, अंगावर भिजलेले सुती कपडे, जोराचा वारा आणि रिकामे पोट एवढे त्याला पुरते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून भिजलेला माणूस कोरड्या माणसापेक्षा फार लवकर गार पडतो. उंचीचाही हिशेब ठेवा: दर १,००० मीटर चढताना हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. माणसाला थंडी बाधू लागली की ती आधी बोटांत दिसते. त्याला झिप लावता येत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही. मग जीभ जड होते, पाय अडखळतात, आणि जो एरवी हसतमुख असतो तो चिडचिड करू लागतो किंवा गप्प होतो. हुडहुडी भरली आहे तोवर शरीर झुंज देत असते, पण अंग गारच असताना ती थांबली तर प्रकृती सुधारली असे न समजता बिघडली असे समजावे.

यावरचा सराव असा. पावसाच्या दिवशी घराजवळच्या मोकळ्या जागी एक ताडपत्री, दोरी आणि नेहमीची सॅक घेऊन जा, निवारा ताणा आणि त्याखाली दोन तास काहीही न करता बसा. निवारा बांधणे सोपे असते. त्यात बसल्यावर पाणी कोठून आत येते, वारा कोणत्या फटीतून शिरतो आणि खालची जमीन अंगातली ऊब कशी शोषून घेते हे मात्र बसल्यावरच कळते. पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचे, हे मी शंभर वेळा सांगितले तरी पटत नाही आणि एका रात्रीत पटते. वाळलेल्या पाल्याचे अंथरूण करायचे तर अंगाखाली दबल्यानंतर ते वीतभर उरले पाहिजे, म्हणजे आधी गुडघ्याएवढा ढीग हवा. तेवढा पाला गोळा करायला दोन माणसांना तासाहून अधिक वेळ लागतो, म्हणून सूर्य मावळायला किती अवकाश आहे हे आधी पाहावे लागते. हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये आडवी बोटे धरली तर प्रत्येक बोटामागे साधारण १५ मिनिटे उरली आहेत असे समजावे. निवाऱ्याची जागा निवडताना मान वर करून वाळलेल्या, लोंबत्या फांद्या पाहायच्या आणि मान खाली करून पाण्याच्या लोंढ्याने वाहून आणलेला कचरा पाहायचा, एवढी सवय झाली तरी पुष्कळ झाले.

आता विस्तव, कारण तुमचा ओढा त्याकडेच आहे. माझ्याकडे या विषयाची सुरुवात एका परीक्षेने होते: एक काडी आणि एक लिटर पाणी, आणि ते पाणी उकळले पाहिजे. कोरड्या दिवशी निम्मे लोक उत्तीर्ण होतात, पण पावसानंतर पहिल्या प्रयत्नात क्वचितच कोणी. चूक बहुधा काडी ओढण्याच्या आधीच झालेली असते. नवशिक्या जमिनीवर पडलेले लाकूड उचलतो. ते ओल धरून बसलेले असते. झाडावरच वाळून उभी असलेली किंवा दुसऱ्या फांदीत अडकून अधांतरी राहिलेली काटकी घ्यावी, ती वाकवून पाहावी आणि ‘कट्’ असा स्वच्छ आवाज आला तरच ठेवावी. जी नुसती वाकते किंवा मऊ तुटते ती टाकून द्यावी. मग तीन ढीग करायचे: आगपेटीच्या काडीएवढ्या जाड काटक्यांच्या दोन मुठी, पेन्सिलएवढ्या जाड काटक्यांची एक कवळ आणि अंगठ्याएवढ्या जाड काटक्यांची आणखी एक कवळ. तिन्ही ढीग तयार झाल्याशिवाय काडी खिशातून काढायचीच नाही. सगळे ओलेचिंब असेल तर मनगटाएवढे जाड वाळके लाकूड उभे चिरा. बाहेरून पाणी निथळत असले तरी आतला गाभा बहुतेक वेळा कोरडा असतो. त्या गाभ्याच्या कडेवरून चाकू लावून कागदासारख्या पातळ, वळलेल्या साली काढायच्या. हात स्थिर ठेवून लाकूड मागे ओढले तर त्या सुटून न पडता टोकाशी धरून राहतात आणि पिसाऱ्यासारखा झुबका तयार होतो. ओल्या जमिनीवर आधी काटक्यांची चटई घाला, झुबका वाऱ्याकडे तोंड करून ठेवा, ज्वाळा नेहमी वर चढते म्हणून काडी खालून लावा, आणि पहिली दोन मिनिटे जाड लाकडाला हातही लावू नका. विझलेल्या बहुतेक शेकोट्या मी जाड लाकडाच्या घाईने विझलेल्या पाहिल्या आहेत.

धनुष्याने काठी फिरवून विस्तव पाडणे जरूर शिका, पण आणीबाणीचे साधन म्हणून त्यावर विसंबू नका. त्यासाठी खिशात दोन ठिकाणी दोन लायटर आणि जलरोधक डबीत आगपेटी ठेवा. या प्रकाराची खरी किंमत वेगळी आहे: तो तुम्हांला लाकूड ओळखायला लावतो. अंगठ्याचे नख सहज रुतते असे हलके, वाळलेले, पण न कुजलेले लाकूड हवे. खालच्या फळीला घातलेल्या खाचेत तपकिरी भुगा पडत असेल तर दाब किंवा वेग कमी पडतो आहे, आणि गडद, काळसर, मऊ भुगा साठून काठी थांबवल्यावरही त्यातून धूर येत राहिला तरच निखारा धरला आहे. फळीतून निघणाऱ्या धुराने हुरळून जाऊन कित्येक जण निखारा धरण्याच्या दहा सेकंद आधी थांबतात. हे अंगवळणी पडायला मला पहिला पूर्ण उन्हाळा लागला होता. विस्तव परवानगी असेल तेथेच करावा, वणव्याच्या दिवसांत कोठेही करू नये, आणि विझवलेली राख उघड्या हाताने चाचपल्याशिवाय जागा सोडू नये.

पाण्याचे थोडक्यात सांगतो. गढूळ असेल तर आधी निवळून किंवा कापडातून गाळून घ्या आणि मग खळखळून एक मिनिट उकळा. २,००० मीटरहून अधिक उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तेथे ३ मिनिटे. क्लोरीनच्या गोळ्या बहुतेक जिवाणू-विषाणूंवर चालतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीवर त्यांचा भरवसा नाही. खड्डा खणून वर प्लास्टिक पसरायचे आणि बाष्पाचे पाणी जमवायचे ही युक्ती जवळजवळ प्रत्येक चित्रफितीत असते. मी ती अनेकदा करून पाहिली आहे, आणि मिळालेल्या पाण्याहून अधिक घाम खणताना गेला आहे. बाटलीत पाणी असताना ते घोट-घोट राखून ठेवण्यात अर्थ नाही, तहान लागेल तेव्हा प्यावे. काटकसर करायची ती घामाची, म्हणजे ऐन उन्हात बसून राहावे आणि चालायचे ते सकाळ-संध्याकाळ.

रानातल्या खाण्याविषयी मी मुद्दाम कंजूस आहे. एखादी वनस्पती तिन्ही ऋतूंत, कोवळी आणि जून, फुलावर आणि फळावर पाहून, जाणत्या माणसाकडून ओळख पक्की करून घेतल्याशिवाय तोंडात घालू नये, आणि अळंबीच्या बाबतीत तर पहिली काही वर्षे फक्त पाहावे. डेथ कॅप या जातीच्या अळंबीतले विष शिजवून जात नाही. खाल्ल्यानंतर साधारण ६ ते २४ तास काहीच जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, मग बरे वाटू लागते, आणि त्या बरे वाटण्याच्या काळातच यकृत निकामी होत असते. ‘थोडेसे चाखून पाहू’ या पद्धतीला येथे जागा नाही.

आता त्या भागाकडे येतो, जो जगण्याच्या कौशल्यांत मोडत नाही असे लोकांना वाटते आणि माझ्या मते बाकी सगळ्याचा पाया आहे. घरापासून चालत जाता येईल अशी थोडी झाडी असलेली एक जागा निवडा आणि आठवड्यातून दोनदा तेथे अर्धा तास बसा. फोन नाही, पुस्तक नाही, नुसते बसायचे. पहिली दहा मिनिटे सगळे गप्प असते, कारण तुम्ही आत आल्याने पाखरे दबकलेली असतात. मग एकेक आवाज परत येतो. दोन-तीन महिन्यांत तुम्हांला पाखरांचे सहज बोलणे, पिल्लांचा चारा मागण्याचा कलकलाट आणि धोक्याची हाक यांतला फरक कळू लागतो. वरून शिकारी पक्षी जाताना लहान पाखरे एकाएकी चूप होतात किंवा बारीक, लांब सूर काढतात, तर जमिनीवरून साप किंवा मांजर जात असेल तर त्याच्या डोक्यावर जमून गलका करतात, आणि तो गलका जसजसा पुढे सरकतो तसतसा खालचा प्राणी न दिसताही त्याची वाट समजते. याच जागी दहा झाडे पक्की करा, पण पानांवरून नव्हे. पाने झडतात, अंधारात दिसत नाहीत आणि बहुतेक वेळा हाताला लागत नाहीत. सालीवरून, फांद्या फुटण्याच्या ढबीवरून, तोडलेल्या काटकीच्या वासावरून ओळखा, आणि प्रत्येकाचा स्वभाव टिपून ठेवा: कोणाचे सरपण भडकते, कोणाचे नुसते धुमसते, कोणाच्या सालीचा दोर होतो, कोणाच्या चिकाने अंगावर फोड येतात. पाऊस येण्याआधी मुंग्या काय करतात, ओढ्याचा आवाज केव्हा बदलतो, संध्याकाळी गार हवा कोणत्या घळीतून खाली उतरते, या गोष्टी एका जागी पन्नास वेळा गेल्यावर कळतात, पन्नास जागी एकेकदा गेल्यावर कळत नाहीत. वाऱ्याचा गाल बदलल्याचे जिला कळले त्या मुलीकडे हेच होते.

मग अभ्यासक्रम कशासाठी? स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत म्हणून, आणि दमलेले, भिजलेले, भुकेले असताना दुसऱ्यांबरोबर निर्णय घेण्याचा सराव एकट्याला करता येत नाही म्हणून. रानात नेऊन शिकवण्याच्या या पद्धतीची सुरुवात जिथून मानतात ती कथा बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या व्यापारी जहाजांवरचे तरुण खलाशी, अंगाने अधिक तंदुरुस्त असूनही, मुरलेल्या खलाशांपेक्षा लवकर हार मानतात असे जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांचे मत झाले होते. त्यांच्या साहाय्याने शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या अॅबरडोवी येथे आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा काढली. पॉल पेटझोल्ट हे के-टू शिखरावरच्या १९३८ च्या अमेरिकन मोहिमेतले गिर्यारोहक. त्यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल सुरू केले, कारण रानात गट नेणारे प्रशिक्षित नेते फार कमी आहेत असे त्यांना आढळले होते. मोहिमेत एकमेकांशी कसे वागावे हा विषय गाठी आणि नकाशा यांच्या तोडीचा आहे, हा त्यांचा आग्रह मला अनुभवाने पटला आहे. रात्री साडेआठला, पावसात, वाट चुकल्यावर ‘मी आधीच सांगितले होते’ हे वाक्य गिळता येणे हेही कौशल्यच आहे.

संस्था निवडताना माहितीपत्रकातली छायाचित्रे बाजूला ठेवा आणि काही प्रश्न विचारा. एका प्रशिक्षकामागे किती जण असतात? कोणाला बाहेर काढावे लागले तर कोणत्या वाटेने, किती वेळात, कोणत्या रुग्णालयात? गेल्या वर्षभरात थोडक्यात टळलेले अपघात कोणते आणि त्यानंतर काय बदलले? ‘आमच्याकडे असे काही होतच नाही’ असे उत्तर आले तर तेथे जाऊ नका, कारण एक तर ते खोटे आहे किंवा नोंद ठेवली जात नाही. प्रशिक्षक स्वतः करून दाखवतो की तुमच्याकडून करवून घेतो, चूक होऊ देतो का, आणि दिवस संपल्यावर काय झाले, का झाले यावर बसून बोलणे होते का, हेही विचारा. ते बोलणे वगळले तर दिवसभराचा अनुभव नुसती दमछाक उरते. उपाशी ठेवणारी, अपमान करणारी, ‘हाडे मजबूत करतो’ म्हणणारी शिबिरे टाळा. पहिला अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा पुरे, आणि त्याआधी किंवा नंतर लगेच दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा सुमारे १६ तासांचा वर्ग करा. पुढे गट न्यायचे असतील तर त्याचा ७०-८० तासांचा विस्तृत अभ्यासक्रम असतो. सर्पदंशावर चीर देणे, रक्त चोखणे, दोरी आवळणे यांसारखे जे काही तुमच्या डोक्यात भरलेले असेल ते तेथे आधी पुसले जाईल. अंगठ्या-घड्याळ काढायचे, दंश झालेला अवयव हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचे नाही आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यायचे, एवढेच आपल्या हाती असते.

मुलीला जरूर आणा. अकरा हे वय उत्तम आहे. मुलांसाठी हरवण्याचा नियम मोठ्यांपेक्षाही सोपा असावा: हरवलो असे वाटले की जवळच्या झाडाला धरून राहायचे, हलायचे नाही. अमेरिकेत १९८१ मध्ये एक मुलगा रानात हरवून दगावल्यानंतर ‘झाडाला मिठी मार’ अशा अर्थाच्या नावाने शाळांमधून हेच शिकवले जाऊ लागले. बरोबर शिट्टी आणि कचऱ्याची मोठी, भडक रंगाची पिशवी द्यावी. पिशवीच्या बंद टोकाला चेहरा बाहेर राहील एवढे भोक पाडून ती वरून घातली की पाऊस-वारा अडतो आणि शोधणाऱ्याला लांबून दिसते. हाक मारणाऱ्या अनोळखी माणसांना घाबरून मुले लपून बसतात असे शोधपथकांना अनेकदा आढळले आहे, तेव्हा शोधणारे लोक आपलेच असतात आणि हरवल्याबद्दल कोणी रागावणार नाही, हे तिला आधीच आणि पुन्हा पुन्हा सांगून ठेवा. मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन असे येते. हे बागेत खेळून शिकवता येते.

राहता राहिला चाकू. द्यावा, पण न मिटणारा, दहा सेंटिमीटरपेक्षा लहान पात्याचा, तिच्या मुठीत बसेल असा आणि धारदार, कारण बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात निसटतो. पहिले काही आठवडे तिने तो फक्त बसून वापरावा, कोपरे गुडघ्यांवर टेकवून आणि काम गुडघ्यांच्या पुढे धरून. मांड्यांच्या मधल्या भागावर कधीच नाही, कारण तेथून मोठी रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, जाते. काढण्याआधी चाकू म्यानात ठेवूनच हात लांब करून भोवती फिरवून पाहावा, त्या वर्तुळात कोणी असेल तर चाकू बाहेर येणार नाही. पाते अंगापासून दूर चालवावे, कोणाला देताना आधी म्यानात घालून द्यावा, आणि तो म्यानात जाईपर्यंत जागेवरून उठू नये. पहिले काम म्हणून तंबूची खुंटी करायला द्या: एक टोक अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला दोरीसाठी खाच. तिला त्यात दुपार जाईल, आणि ती खुंटी त्या रात्री खरोखर वापरा.